शरभ काढायचा तर आधी मांजर बघा

शिवनेरी चढताना सात दरवाजे लागतात, त्यातल्या एकापाशी सावलीत बसून मी तिथला दगडी शरभ, म्हणजे सिंहासारखा दिसणारा एक काल्पनिक प्राणी, वहीत उतरवत होते. शाळेची सहल आली होती, चौथी-पाचवीतली पोरं, त्यातला एक जण माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि बराच वेळ बघून म्हणाला, "ताई, ह्यो वाघ हाय का कुत्रं?" म्हटलं, शरभ आहे. शरभ म्हणजे काय ते सांगायला मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "मग त्याच्या पोटात दुखतंय का?"

मी वहीकडे बघितलं. खरंच दुखत होतं.

झालं असं होतं की आयाळ, डोळे, दात हे सगळं मी मन लावून काढलं होतं, आणि मागचे पाय मात्र अंदाजाने ठोकून दिले होते, माणसाचा गुडघा वाकतो तसे. त्यामुळे तो बिचारा उकिडवा बसल्यासारखा दिसत होता. त्या पोराने शरभ आयुष्यात बघितला नव्हता, कोणीच बघितलेला नाही, तरी चूक त्याला कळली कारण मांजर आणि कुत्रं तो रोज बघतो. ही गोष्ट मला नीट समजायला आठ-नऊ वर्षं लागली, म्हणून हे लिहायला घेतलंय. मला मेसेज येतात की ताई राक्षस कसे काढता, ड्रॅगन कसा काढू, कुठला ब्रश वापरता, ब्रशचा प्रश्न तर रोजचा. ब्रशने काही होत नाही हो. नसलेला प्राणी काढायचा तर असलेले प्राणी बघावे लागतात, आणि एक प्राणी संपून दुसरा जिथे सुरू होतो तिथे थांबून विचार करावा लागतो. बाकी सगळं म्हणजे हात बसण्याचा भाग आहे.

सामानाचं पटकन उरकते. एचबी आणि फोरबी अशा दोन पेन्सिली, खोडरबर, साध्या कार्ट्रिज कागदाची ए५ वही, कागद १०० ते १४० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) मधला कुठलाही चालेल. पाण्याचे रंग लावणार असाल तरच ३०० जीएसएम घ्या, नाहीतर एवढ्या महागाच्या कागदावर रेघ मारायलाच हात धजत नाही आणि वही कोरी राहते. फिकट निळी पेन्सिल मिळाली तर बघा, कच्चं काम तिने करायचं, वरून काळी शाई, स्कॅन केल्यावर निळा रंग काढून टाकता येतो आणि खोडरबराने शाई फिकी पडत नाही. टॅब्लेट नसेल तर अडत नाही, कॉम्प्युटरवर चित्र काढायचं क्रिता सॉफ्टवेअर फुकट आहे, फोनवर आयबिस पेंटचं ॲप आहे.

शाईचं मात्र नीट सांगते कारण तिथे मी मार खाल्लाय. जूनमध्ये एका गडावर गेले होते, दिवसभरात चौदा पानं भरली, सगळी जेल पेनने, आणि उतरताना धो धो पाऊस. बॅग वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार म्हणाला होता. घरी येऊन वही उघडली तर चौदा पानांवर चौदा निळसर ढग, एका ढगाला तेवढी शेपटी दिसत होती. तेव्हापासून नवं पेन आणलं की आधी रद्दी कागदावर चार रेघा मारते, दहा मिनिटं वाळू देते आणि ओलं बोट फिरवते. पसरलं तर ते पेन वाणसामानाच्या यादीला. बाटलीवर वॉटरप्रूफ लिहिलेली ड्रॉइंग इंक घ्या किंवा पिगमेंट इंकचं पेन घ्या, पण बोटाची परीक्षा घेतल्याशिवाय गडावर नेऊ नका.

बघायला कुठे जायचं

आपल्याकडे याची चंगळ आहे आणि आपण पिंटरेस्टवर युरोपातले ड्रॅगन शोधत बसतो (मीही बसायचे, म्हणून बोलतेय). महाराष्ट्रातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ आहे. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यापाशी जो आहे त्याने सहा हत्ती धरलेत, चार पंजांत चार, एक तोंडात आणि एक शेपटीत गुंडाळलेला. पहिल्यांदा बघितल्यावर मला हसूच आलं, कारण हत्ती उंदरांएवढे आहेत. पण हीच तर कार्टूनिस्टची अक्कल. शरभ मोठा दाखवायला दगड वाढवता येत नव्हता, मग त्याने हत्ती लहान केले, आणि शरभ आपोआप डोंगराएवढा झाला. तुमच्या पात्राचा आकार दाखवायचा असेल तर त्याच्या हातात ओळखीची वस्तू द्या आणि ती लहान किंवा मोठी करा, बाजूला उंचीची पट्टी काढायची गरज नाही.

देवळांत कीर्तिमुख, मकर आणि व्याल असे दगडातले काल्पनिक प्राणी भेटतात. जुन्या दगडी देवळात शिरताना उंबरठ्याकडे बघा, दोन बाजूंना वटारलेल्या डोळ्यांची तोंडं असतात, तीच कीर्तिमुखं, आपण त्यांना ओलांडून सरळ आत जातो. अंबरनाथचं शिवमंदिर, सिन्नरचं गोंदेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, कुठेही एक अख्खा दिवस कमी पडेल. अंबरनाथला इसवी सन १०६० चा शिलालेख आहे, म्हणजे जवळपास हजार वर्षं ऊनपाऊस खाल्लेली शिल्पं आहेत, नाकं-कान झिजलेत, आणि झिजलेली शिल्पं मला जास्त आवडतात कारण राहिलेलं आपल्याला पूर्ण करावं लागतं.

वेळ सकाळची आठ-नऊ किंवा दुपारी चारनंतरची धरा. आपला दगड काळा, डोक्यावर ऊन असलं की सगळं एकसारखं काळं ठिक्कर दिसतं, तिरपं ऊन आलं की तेच शिल्प फुगून बाहेर येतं. एकदा बारा वाजता ज्या खांबाला मी सपाट समजले होते त्यावर साडेचारला एक आख्खा व्याल दिसला, मी त्याला टेकून डबा खाल्ला होता. शिल्पावर खडू फिरवायचा नाही, कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही, पाणी मारून फोटो काढायचे नाहीत. गाभाऱ्याजवळ बसायचं असेल तर आधी पुजाऱ्यांना विचारा. मी "काका, इथे बसून चित्र काढलं तर चालेल का" एवढंच विचारते, आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा मिळालाय.

आणि फोटो काढून घरी जाऊन काढू असं म्हणू नका. फोटो काढाच, पण आधी तिथे बसून दहा मिनिटांची दोन तरी चित्रं. फोटोत शेपटी पायामागून कशी गेलीय ते कळत नाही, तिथे मान तिरकी करून बघता येतं.

पहिलं चित्र कीर्तिमुखाचं काढा

कारण त्याला पायच नाहीत! मजा सोडा, खरंच सांगते, नवख्याने इथून सुरुवात करावी. गोष्ट अशी आहे की जालंधर नावाच्या असुराने राहूला दूत म्हणून शंकराकडे पाठवलं, पार्वती मागायला. शंकर भडकले, त्यांच्या कोपातून एक भयंकर भुकेला प्राणी निघाला आणि राहूवर धावला. राहू पाया पडला, शंकरांनी त्याला सोडलं. मग तो प्राणी म्हणाला, मला भूक लागलीय, मी खाऊ काय? स्वतःला खा, असं उत्तर मिळालं. त्याने शेपटीपायांपासून सुरुवात केली आणि खात खात वर आला, शेवटी फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाले, म्हणाले तू कीर्तिमुख, तुझी जागा माझ्या दाराशी.

आता ही गोष्ट डोक्यात ठेवून चेहरा काढा. बहुतेक कीर्तिमुखांना खालचा जबडा नसतो. म्हणजे राग दाखवायला तोंडाचा निम्मा भाग हातात नाही, मग सगळं काम गाल, भुवया आणि डोळ्यांवर येतं. आरशासमोर उभं राहून वरचे दात दाखवत गुरगुरा, बघा गाल कसे डोळ्यांखाली चढतात, नाकाच्या बाजूला दोन घड्या पडतात. त्या घड्या काढल्या नाहीत तर कीर्तिमुख हसतंय असं वाटतं. माझ्या पहिल्या वहीत अशी अकरा हसरी कीर्तिमुखं आहेत.

काढताना आडवा लंबगोल घ्या, मधोमध उभी रेघ, डोळे लंबगोलाच्या वरच्या अर्ध्यात, मोठे, गोट्यांसारखे बाहेर आलेले. गोटी म्हटलं की पापणी तिच्यावरून गोल फिरली पाहिजे, सरळ रेघ मारली की डोळा सपाट होतो. शिंगं, आयाळ वगैरे सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, आधी शिंगं काढतात कारण त्यात मजा येते, आणि मग चेहरा शिंगांच्या मधे कोंबतात.

जोड

आता मूळ मुद्दा, इथे जरा वेळ द्या. व्याल म्हणजे साधारण सिंहाचं धड आणि डोकं कोणाचंही, हत्तीचं असलं तर गजव्याल, माणसाचं असलं तर नरव्याल, पोपटाचंसुद्धा असतं, शुकव्याल. मकराला मगरीचा जबडा, बऱ्याचदा हत्तीसारखी वर वळलेली सोंड आणि मागे माशाचं अंग. ओडिशातल्या चित्रांत नवगुंजर असतो, सरळादासांच्या महाभारतातला, नऊ प्राण्यांचा मिळून एक, कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सापाची शेपटी, आणि चार पायांपैकी एक चक्क माणसाचा हात. हे सगळे जोडकाम केलेले प्राणी आहेत, आणि जोड लपला तर प्राणी जिवंत, जोड दिसला तर भातुकलीतली मोडकी बाहुली.

सिंह कुठून आणायचा बघायला? घरातलं मांजर. आमच्या सोसायटीत एक बोका आहे, त्याला सगळे शेठ म्हणतात, माझे सगळे शरभ म्हणजे शेठच आहेत. मांजराचा मागचा पाय बघा, त्यात जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. मांजर कायम चवड्यांवर चालतं. गुडघा वर आहे, पोटाजवळ, केसांत लपलेला, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. उभे राहा, टाचा उचला, गुडघे थोडे वाकवा, झाला तुमचा मांजराचा पाय. वहीत तो झेडसारखा काढायचा, मांडी पुढे, नळी मागे, पाऊल परत पुढे. त्या सहलीतल्या पोराने पकडलेली माझी चूक हीच होती. हत्तीचं वेगळं असतं, त्याचा मागचा गुडघा खाली असतो आणि उघड दिसतो, आपल्यासारखा, म्हणून सिंहाच्या धडाला हत्तीचे पाय लावणार असाल तर कमरेपासूनच जाड करत आणा, नाहीतर सिंहाने गमबूट घातल्यासारखं वाटतं.

पंख लावायचे असतील तर आधी स्वतःच्या हाताकडे बघा. पक्ष्याचा पंख म्हणजे हातच, खांदा, कोपर, मनगट, सगळं आहे. पंखवाला सिंह म्हणजे पुढचे दोन पाय अधिक दोन हात, म्हणजे त्याला खांद्याचे दोन जोड पाहिजेत. नवखे लोक पंख पाठीच्या मधोमध चिकटवतात, शाळेच्या गॅदरिंगमधल्या परीसारखे, इलॅस्टिकने बांधलेले. पुढच्या पायाच्या फऱ्याच्या जरा मागे आणि वर पंखाचं मूळ धरा, तिथे मांसाचा एक उंचवटा द्या, आणि छाती थोडी भरीव करा, कारण उडायला लागणारं बळ छातीत असतं. पंख मिटलेला काढून बघा, मिटलेला नीट जमला तर उघडलेला जमतोच.

गंडभेरुंड या काल्पनिक पक्ष्याला दोन डोकी. विजयनगरच्या नाण्यांवर तो आहे, कर्नाटक सरकारच्या चिन्हातही आहे, बघितला असेल. काढताना एका मानेवर दोन डोकी बसवू नका, इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. मान छातीपासूनच दुभंगली पाहिजे, दोन माना, दोन गळे, मधे पिसांचा एक खोलगट त्रिकोण. तो त्रिकोण गडद केला की दोन्ही डोकी आपापल्या जागी बसतात.

पक्ष्याच्या पायासाठी मी चिकनच्या दुकानातून कोंबडीचे पाय मागून आणले होते. दुकानदार दादांनी विचारलं, "सूप का?" म्हटलं, चित्र. त्यांनी पैसे घेतले नाहीत पण माझ्याकडे जसं बघितलं ते विसरणार नाही. ताटलीत ठेवून दोन तास काढत बसले, आईने नाक दाबून खिडक्या उघडल्या. पण कळलं काय की बोटांच्या वरच्या बाजूला मोठे खवले असतात, एकावर एक कौलं रचल्यासारखे, आणि तळव्याला बारीक दाणे. बोटं पुढे तीन, मागे एक. तेव्हापासून माझ्या गरुडांचे, राक्षसांचे, अगदी जलपरीच्या कोपरावरचेसुद्धा खवले वरून कौलं आणि खालून दाणे असे असतात आणि लोक विचारतात की एवढं खरं कसं वाटतं. पाल बघा, तिचा पंजा ड्रॅगनला चालतो. मासळीबाजारात जाऊन बांगड्याचं अंग कसं चमकतं ते बघा, पाठ निळी-हिरवी आणि त्यावर अंगाच्या लांबीने जाणारे काळपट पट्टे, पोट चांदीचं. मकराला हाच रंग द्या, मी दिलाय, भारी दिसतो.

आणि तरीही एखादा जोड जमलाच नाही तर? जुन्या शिल्पकारांकडे उत्तर आहे. मकराची शेपटी बघा, तिची बऱ्याचदा पानाफुलांची वेलबुट्टी होऊन जाते, मासा कुठे संपला ते डोळ्याला सापडतच नाही. मानेचा जोड माळेखाली, खांद्याचा आयाळीखाली. तुम्हीही करा, पण प्रत्येक जोडावर दागिना चढवायला लागलात तर ओळखा की अजून शेठचा अभ्यास बाकी आहे.

आता त्याचं कार्टून करायचं

इथे उलटा प्रवास, आत्तापर्यंत गोळा केलं, आता टाकायचं. कार्टून पात्र म्हणजे पन्नास वेळा काढलं तरी तेच वाटलं पाहिजे, आणि पन्नास वेळा कौलांसारखे खवले कोण काढणार? लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा, चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशी, डोक्यावर उरलेले थोडे केस. बाकी काही नाही, आणि पाठमोरा काढला तरी ओळखू येतो.

माझं स्वतःचं सगळ्यात चाललेलं पात्र वेताळ आहे. गोव्यात आणि तळकोकणात वेताळाला चपला वाहतात, कारण तो रात्रीचा गावावर फेऱ्या मारतो आणि त्याच्या चपला झिजतात. हे ऐकलं त्या दिवशी पात्र डोक्यात तयार झालं. आधीचा माझा वेताळ म्हणजे हाडं, लांब नखं, लाल डोळे, कोणाच्याही भुतासारखा. मग मी त्याला एकच गोष्ट दिली, टाचेला पार झिजलेली कोल्हापुरी, आणि काखेत नव्या चपलांचा जोड, जपून ठेवलेला, घालवत नाही म्हणून. लगेच तो कोणाचा तरी काका झाला. नखं काढून टाकली, डोळे जरा दमलेले केले, पाठीला पोक दिला, रात्रपाळीच्या वॉचमनसारखा. तुमच्या पात्रासाठी अशी एक वस्तू शोधा, आणि ती त्या भुताच्या गोष्टीतूनच आली पाहिजे, वरून चिकटवलेली गॉगल-टोपी नको. कूल दिसावं म्हणून गणपतीला हेडफोन लावलेली चित्रं मी आता बघत नाही.

मुंजा घ्या. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. म्हणजे शेंडी, जानवं, लंगोटी, पिंपळाचं पान, एवढ्यात सगळं आलं. लहान मुलगा म्हणून डोकं मोठं ठेवायचं. खरा मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, कार्टूनमधलं पोरगं अडीच ते तीन डोक्यांत बसवा. एक डोकं वर्तुळ काढून मोजा, खाली दीड-दोन वर्तुळांत धड आणि पाय. डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या थोडे खाली आणले की वय कमी होतं, वर नेले की तोच मुंजा दहावीत जातो.

पात्र ठरलं की त्याला आतून पूर्ण काळं भरा. नुसती सावली. तरी ओळखू आला तर पास. माझा मुंजा पहिल्यांदा नापास झाला, काळा भरल्यावर बटाटा दिसत होता, कारण शेंडी मी डोक्याला चिकटून मागे नेली होती. शेंडी उभी केली, टोकाला पानासारखी वळवली, आणि त्याला फांदीवर पाय लोंबकळत बसवला, झालं काम. हात अंगाला चिकटवू नका, कंबरेवर ठेवलेल्या हाताच्या आणि अंगाच्या मधला रिकामा त्रिकोण सावलीतही दिसतो, तो फार कामाचा.

मग एका कागदावर समोरून, बाजूने, पाऊण आणि मागून असा चारदा काढा, डोळ्यांची, खांद्याची, कंबरेची आडवी रेघ चौघांतून सलग जाऊ द्या. कंटाळवाणं काम आहे, मी दर वेळी टाळते आणि दर वेळी सहाव्या पानावर मुंज्याचं जानवं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलेलं असतं. एका आजोबांनी कमेंटमध्ये लिहिलं होतं, "बाळ, जानवं डाव्या खांद्यावर. उजव्यावर श्राद्धाला." चित्रकलेच्या वर्गात हे कोणी शिकवत नाही.

हावभावांसाठी चेहरा एकच ठेवून फक्त भुवया आणि तोंड बदला. आठ चौकोन आखा, आठ मूड, राग, भीती, झोप, आगाऊपणा, आणि एक तरी असा की ज्याला नाव नाही, उदाहरणार्थ पाहुण्यांसमोर आईने शेवटची करंजी त्यांना दिली तेव्हाचा.

स्कॅन आणि पोस्ट

फोटो काढायचा तर खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली नाही, आणि फोन कागदाला समांतर धरा. छापायचं असेल तर स्कॅनच करा, ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) किमान. ए५ वरचं चित्र ६०० ला स्कॅन केलं तर त्यातून ३०० डीपीआयचं ए३ पोस्टर निघतं, म्हणून मी डोळे मिटून ६०० ला करते. सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स ओढून कागद पांढरा करा, रेघांचा लेयर मल्टिप्लाय मोडवर टाका (म्हणजे त्यातल्या पांढऱ्यातून खालचे रंग दिसतात) आणि रंग त्याच्या खाली वेगळ्या लेयरवर. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी आणि निळा छापल्यावर मरतो, माझा पहिला हिरवा राक्षस छापून आला तेव्हा आजारी दिसत होता, तर आधी एक प्रिंट काढून बघा.

इन्स्टासाठी १०८० बाय १३५० ठीक आहे. फायनल चित्र एकटं टाकू नका, कच्चं टाका, फसलेलंही टाका. मला वाटायचं लोक हसतील, पण कोंबडीच्या पायाचा फोटो, त्यावरून काढलेलं स्केच आणि शेवटी गरुड, अशी तीन चित्रं टाकली ती पोस्ट इतर कुठल्याही पोस्टपेक्षा जास्त फिरली. आणि हल्ली "एआयने केलंय का" म्हणून विचारणारे येतात, त्यांना पेन्सिलचं पान दाखवलं की वाद घालावा लागत नाही. मोठ्या रिझोल्यूशनची फाइल नेटवर कुठेही ठेवू नका. सही कोपऱ्यात केली तर कापतात, पात्राच्या पायाशी, गवतात, चपलेच्या पट्ट्यावर करा.

हक्कांचं एवढं लक्षात ठेवा. शरभ, वेताळ, मुंजा कोणाच्या मालकीचे नाहीत, पण तुम्ही काढलेला मुंजा तुमचा, भारतात कॉपीराइट हयातभर आणि नंतर ६० वर्षं राहतो. प्रसिद्ध कार्टून पात्रांचं फॅन आर्ट हात बसवायला खुशाल काढा, त्याचे मग आणि टी-शर्ट विकायला जाऊ नका. काम घेताना दोन ओळींचा का होईना करार ईमेलवर घ्या, चित्र कशासाठी, किती काळ, कुठे वापरणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. आणि हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. मी हे एका दिवाळी अंकाला मुखपृष्ठ दिल्यावर शिकले, पुढच्या वर्षी तोच मुंजा त्यांच्या कॅलेंडरवर डिसेंबरमध्ये पिंपळावर बसलेला, आणि फोन केला तर म्हणे ताई, चित्र तर आपण घेतलंय ना. दीड हजारात घेतलं होतं.

मूळ चित्रं विकायची नसतील तर दोन पानांमधे बटर पेपर घालून आडवी ठेवा, उभी ठेवली की पानं वाकतात. पावसाळ्यात चपलांच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या वह्यांच्या पेटीत टाका. माझ्या पेटीत अशा बऱ्याच आहेत, वेताळामुळे चपलांची खोकी जमवायची सवय लागलीय.